बरोबरीनंतरचा बाण

आमच्या बुलढाण्याची ओळख घाटाची, लोणारच्या सरोवराची. मे 2023 मध्ये तिला धनुर्विद्येची जोड मिळाली. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषकात जगातला अव्वल कंपाऊंड तिरंदाज, नेदरलँड्सचा माइक श्लोसर, याला 149–148 असं हरवलं. पंधरा बाण, अंतर 50 मीटर, दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 8 सेंटिमीटरचं. एकच बाण नवाला गेला.

गावात सगळे विजयाचंच बोलतात. मला मात्र पुढचे महिने मोलाचे वाटतात. सप्टेंबरात मेक्सिकोतल्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत प्रथमेशची डेन्मार्कच्या खेळाडूशी बरोबरी झाली आणि एकेका बाणाच्या शूट-ऑफमध्ये सुवर्ण हुकलं. ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम सामना ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा या दोघा भारतीयांतच रंगला. पण त्याआधी त्यांच्याच जोडीला उभं राहून प्रथमेशने दक्षिण कोरियाविरुद्ध 235–230 असं सांघिक सुवर्ण जिंकलं होतं.

कंपाऊंड धनुष्यात चाकं ताण पेलतात, मनाचा ताण पेलणारं चाक नसतं. हुकलेलं सुवर्ण मागे टाकून महिन्याभरात संघासाठी नेम धरणं, यालाच मी फॉर्म परत मिळवणं म्हणतो.