रुपया घसरतो तेव्हा भरपाई कोणाला मिळते?

चंद्रपूरची दीक्षाभूमी आपण 16 ऑक्टोबर 1956 साठी ओळखतो. पण ज्यांनी तिथे दीक्षा दिली त्या बाबासाहेबांचा रुपयाच्या दराशी आलेला संबंध केवळ ग्रंथापुरता नव्हता. तो त्यांच्या खिशाशीही होता. आमच्या जिल्ह्यांतल्या ज्या पोरांना आज परदेशी शिकायचे आहे, त्यांनी हा इतिहास नीट वाचावा.

1913 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, तेव्हा बडोद्याची शिष्यवृत्ती पौंडांत होती, महिना साडेअकरा पौंड. रुपयाचे काहीही झाले तरी हातात पडणारी रक्कम तेवढीच. 1920 मध्ये लंडनला परतताना मात्र सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांच्याकडचे कर्ज, असा सगळा आधार रुपयांत होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला एक रुपया दोन शिलिंगांच्या वर होता. 1921 मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला. म्हणजे ज्या 1500 रुपयांचे आधी दीडशे पौंड झाले असते, त्यांचे आता शंभरही होईनात. लंडनची खोली, जेवण, पुस्तके सगळे पौंडांत. त्यांच्या अर्धपोटी अभ्यासाच्या गोष्टी आपण भक्तीने सांगतो, पण त्या काळात विनिमय दर कुठे होता हे कोणी सांगत नाही!

आणि ते लिहीत काय होते? ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. 1923 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा एक मुद्दा असा की, रुपया पडला की निर्यातदाराला जो नफा दिसतो तो देशाचा नसतो. भाव आधी वाढतात, मजुरी मागे राहते, आणि त्या फरकातून तो नफा निघतो. तेंदूपत्ता तोडणाऱ्या किंवा कोळसा खाणीत राबणाऱ्या घराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीही रुपया असाच घसरत होता. 1870 च्या सुरुवातीला जवळपास दोन शिलिंग, 1892-93 मध्ये सव्वा शिलिंगाच्या आसपास. पगार रुपयांत आणि घर विलायतेत असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी ओरड केली. सरकारने 1893 मध्ये त्यांना विनिमय भरपाई भत्ता सुरू केला, आणि तोही इथल्या रयतेच्या पैशातून.

आता आजचा हिशेब. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाचे 185 डॉलर आणि सेव्हिस शुल्काचे 350, मिळून 535 डॉलर. 2014 मध्ये डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, त्या दराने हे 32,100 रुपये. 2024 च्या अखेरीस तो 85 च्या वर गेला, म्हणजे 45,475 रुपयांहून जास्त. विद्यापीठांचे अर्ज शुल्क वेगळेच. शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता डॉलरमध्ये ठरलेला असतो हे खरे, पण तो निवड झाल्यानंतर. त्याआधीचा खर्च कुरखेड्याच्या नाहीतर सिंदेवाहीच्या घरातून रुपयांत निघतो, धान विकून किंवा उसने घेऊन. पुढे तो परत मिळाला तरी व्याज कोण देणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. निवड यादीत नाव लागताच व्हिसा, शुल्क आणि तिकिटाचे पैसे त्या दिवशीच्या दराने आगाऊ द्या. अर्ज करण्याच्या टप्प्यासाठी जिल्हा पातळीवर स्वतंत्र निधी ठेवा. गोऱ्या साहेबांच्या पगाराची झीज 1893 मध्ये सरकारला मोजता आली होती. तेव्हा तर कॅल्क्युलेटरही नव्हता.