चढणीची साधने आणि शिखराची मर्यादा : कळसूबाईच्या संदर्भात

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या वायव्य टोकास, अकोले तालुक्यात, कळसूबाईचे शिखर आहे. त्याची उंची १,६४६ मीटर असून महाराष्ट्रातील ते सर्वांत उंच स्थान होय. पायथ्याच्या बारी गावातून निघणारी वाट प्रथम शेतांतून व पुढे सोंडेसोंडेने चढत जाते आणि वाटेतील कड्यांपाशी लोखंडी शिड्यांवर येते. पूर्वी हेच कडे साखळीच्या आधाराने चढावे लागत. माथ्यावर कळसूबाईचे लहानसे देऊळ आहे. परिसरातील महादेव कोळी समाजाची ही देवता. नवरात्रात येथे यात्रा भरते. साखळी जाऊन शिडी आली, हा या डोंगराच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा आहे. आता रज्जुमार्गाचा विचारही मांडला गेला आहे. अशा वेळी चढणीचे साधन बदलले म्हणजे नेमके काय बदलते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घेण्याजोगा आहे.

शिड्यांची गरज डोंगराच्या घडणीतूनच निर्माण झाली आहे. दख्खनचा खडक लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांनी बनला आहे. कठीण थराचा उभा कडा होतो आणि मऊ थर झिजून सपाटी किंवा सौम्य उतार तयार होतो. या खडकास भूशास्त्रात मिळालेले ‘ट्रॅप’ हे नावही स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्दावरून आले आहे. त्यामुळे सह्याद्रीचा चढ सलग नसतो. बराच वेळ साधी वाट चालल्यावर मध्येच दहावीस हातांचा कडा आडवा येतो आणि साऱ्या चढणीचा निकाल तेथे लागतो. कळसूबाईच्या शिड्या अशाच ठिकाणी आहेत. शिडीवर चढणारा व उतरणारा यांना एकमेकांसाठी थांबावे लागते. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी तेथे लांब रांगा लागतात. म्हणजे शिडी ही सोय आहे, तशीच ती एका तासात किती माणसे माथ्यावर पोहोचतील हे ठरविणारे मापही आहे.

या मापाचा विचार सर्वांत काटेकोरपणे झाला तो हिमप्रदेशातील स्कीइंगच्या स्थळी. अमेरिकेतील आयडाहो राज्यात सन व्हॅली येथे १९३६ मध्ये जगातील पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली. युनियन पॅसिफिक रेल्वेचे अभियंता जेम्स करन यांनी केळीचे घड जहाजावर चढविणाऱ्या यंत्रणेवरून तिची कल्पना घेतली होती. फिरत्या दोराला आकड्याऐवजी खुर्ची टांगली, एवढाच मूळ फरक. अशा लिफ्टची क्षमता दोन गोष्टींवर अवलंबून असते : एका खुर्चीत किती माणसे बसतात आणि दोन खुर्च्यांत किती सेकंदांचे अंतर असते. दर सहा सेकंदांनी दोन आसनांची खुर्ची आली, तर तासाला १,२०० माणसे वर जातात. तेथेच चार आसनांची खुर्ची लावली, तर २,४००. नुसता दोराचा वेग वाढविला आणि खुर्च्यांमधील वेळ तोच ठेवला, तर प्रवास लवकर होतो, परंतु संख्या वाढत नाही. वेग वाढला की खुर्चीत बसणे अवघड होते. म्हणून स्थानकात येताच खुर्ची दोरापासून सुटते, संथ चालते आणि माणसे बसल्यावर पुन्हा दोराला पकडते, अशी योजना पुढे रूढ झाली.

परंतु वर जाणारी संख्या वाढली म्हणजे वरच्या उतारांवर गर्दी होते. म्हणून स्कीइंगच्या स्थळी लिफ्टची सुधारणा आणि उतारांचा विस्तार हे दोन प्रश्न सहसा एकत्रच हाती घेतले जातात. भारतात याचे ठळक उदाहरण गुलमर्गचे आहे. तेथे रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा २००५ मध्ये अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत झाला. दुसऱ्या टप्प्यामुळे सुमारे ३,९५० मीटर उंचीवरील विस्तीर्ण उतार स्कीइंगला खुले झाले. साधन वाढले, तसे क्षेत्रही वाढले. तीर्थाच्या किंवा गडाच्या माथ्याला ही मुभा नसते. देवळापुढील जागा, कड्याची कड आणि जवळचे पाणी यांचा विस्तार कोणत्याही यंत्राने होत नाही. हिमप्रदेशातील अनुभव महाराष्ट्रात आणताना हा भेद नजरेआड होता कामा नये.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे या संदर्भात उद्‌बोधक ठरतात. पहिले नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडाचे. खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांनी इ. स. १७१० च्या सुमारास येथे पायऱ्या बांधविल्या, असे परंपरा सांगते. पायरी हे दानाचे एक रूप होते. दात्याचे पुण्य आणि यात्रेकरूचे श्रम यांची गाठ त्या दगडात पडत असे. पुढे गडावरील गावापर्यंत मोटाररस्ता झाला आणि शेवटच्या चढणीसाठी २०१८ मध्ये रुळांवरून चालणारी फनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. वृद्धांना व अपंगांना दर्शन सुलभ झाले, हा लाभ निर्विवाद आहे. तथापि देवीची मूर्ती कड्यातच कोरलेली असल्यामुळे दर्शनाची जागा अरुंदच राहिली आहे. चैत्रात खानदेशातून पायी येणारे यात्रेकरू आणि ट्रॉलीने येणारे भाविक अखेर त्याच एका जागी एकत्र येतात. चढ सोपा झाला, पण दाराशी जागा तेवढीच आहे.

दुसरे उदाहरण रायगडाचे. १९९६ मध्ये सुरू झालेला तेथील रज्जुमार्ग हिरकणीवाडीहून निघतो व काही मिनिटांत माथा गाठतो. ज्यांना पायऱ्या चढणे शक्य नव्हते अशा असंख्यांना त्यामुळे गड पाहता आला. मात्र गडाचे वाचन त्याने बदलले. पायवाटेने येणारा प्रथम महादरवाजापाशी पोहोचतो. दोन भक्कम बुरुजांच्या आड, अखेरच्या क्षणापर्यंत न दिसणारे ते प्रवेशद्वार पाहिल्यावर गडाची संरक्षणव्यवस्था त्याला पायांनी कळते. पाळण्यातून उतरणारा मात्र मेणा दरवाजाच्या बाजूस, थेट राजवाड्याच्या सान्निध्यात येतो. दुर्ग चढून शेवटी जे दिसावयाचे ते त्याला आधी दिसते. महादरवाजा तर अनेकदा दिसतच नाही. एका अर्थी गडाचे दारच हलले आहे. पायथ्याच्या व्यवहारालाही हीच गोष्ट लागू पडते. जेथे स्थानक असते, तेथे खाणावळी व दुकाने जमतात.

कळसूबाईच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न अधिक तीव्र होतात. माथा अगदी लहान आहे. शिवाय हा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर आहे. तेव्हा येथे क्षेत्रविस्ताराचा मार्ग बंद आहे, असेच म्हणावे लागते. दुसरे असे की, येथील दैवतकथा वाटेवरच मांडलेली आहे. झाडलोट व भांडी घासणे यांखेरीज दुसरे काम करणार नाही, या अटीवर कामाला राहिलेली कळसू, अट मोडताच घर सोडून डोंगरावर गेली, असे लोक सांगतात. तिने जेथे भांडी घासली ते ठिकाण ‘थाळेमेळ’ या नावाने ओळखले जाते. कथा समजण्यासाठी त्या जागेवरून पायी जावे लागते. पाळणा वाटेवरून जात नाही, वाटेच्या वरून जातो. बारीतील अनेक कुटुंबांची मिळकतही या वाटेशी निगडित आहे : वाटाड्याचे काम, घरगुती जेवण, मुक्कामाची सोय. माणसे वाटेवरून चालतात म्हणून ही मिळकत गावात राहते.

याचा अर्थ रज्जुमार्ग सर्वथा त्याज्य आहे असा नव्हे. साखळीवर समाधान मानणाऱ्यांनी शिडीलाही कदाचित नाक मुरडले असेल, आणि शिडीने कितीतरी स्त्रिया, मुले व वृद्ध यांना माथा दाखविला. केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ‘पर्वतमाला’ ही राष्ट्रीय रज्जुमार्ग योजना जाहीर केल्यापासून असे प्रस्ताव ठिकठिकाणी पुढे येत आहेत व येत राहतील. प्रश्न हिशेबाच्या दिशेचा आहे. स्कीइंगच्या स्थळी आधी लिफ्टची क्षमता ठरवून मग उतार वाढविता येतात. कळसूबाईसारख्या ठिकाणी गणित माथ्यापासून खाली करावयास हवे : वर एका वेळी किती माणसे सुखरूप उभी राहू शकतील, किती पाणी लागेल, किती कचरा खाली आणावा लागेल, आणि त्यावरून तासाला किती जणांना वर सोडावे. साधन कोणतेही असो, त्याची क्षमता या संख्येच्या आत राहिली पाहिजे. वरचे स्थानक शिखरावर न नेता खालच्या एखाद्या सपाटीवर थांबविणे, हा एक मार्ग त्यातून सुचतो.

इतिहासाच्या अभ्यासकाचे काम मात्र प्रस्ताव संमत होण्याची वाट पाहत थांबू नये. मराठीत ‘साधन’ हा शब्द उपकरणासाठी वापरला जातो, तसाच इतिहासाच्या पुराव्यासाठीही. कळसूबाईची वाट हे दोन्ही अर्थांनी साधन आहे. साखळीने माथा गाठलेली पिढी, शिड्यांचे लोखंड डोंगरावर वाहून नेल्याच्या आठवणी, वाटेवरील प्रत्येक थांब्याचे नाव आणि त्यामागील कथा यांची पद्धतशीर नोंद बारी व आसपासच्या गावांतून आताच झाली पाहिजे. ही वाट आज पायाखालची आहे. ती ओस पडल्यावर ही नोंद करू म्हटले, तर विचारावयास माणसे उरणार नाहीत.