काळेवाडीहून लॉ कॉलेजला

काळेवाडीच्या पोरीला पुण्यात आयएलएसला अॅडमिशन मिळाली की घरात पहिला प्रश्न: रूम घ्यायची की घरून जायचं? १९२४ मध्ये कॉलेज निघालं तेव्हा इकडे शेतं होती. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, मागोमाग एमआयडीसी आली आणि कामगार पवनेपलीकडे काळेवाडीत घरं बांधत गेले. कारखान्याला जवळ, कॉलेजला लांब अशी ही घरं. १ ऑगस्ट २०२३ला पिंपरीची मेट्रो सिव्हिल कोर्टापर्यंत पोचली. तिथे गाडी बदलून नळ स्टॉप. म्हणजे वकील व्हायच्या आधीच रोज कोर्टाची पायरी! पिंपरी स्टेशनपर्यंतची रिक्षा मात्र हिशोबात धरा. माझं म्हणाल तर पहिलं वर्ष घरूनच. मूट कोर्टाच्या रात्री मैत्रिणीच्या रूमवर.