परफॉर्मन्स डेटा (मॉनिटरिंग प्लगइनमधील)

परफॉर्मन्स डेटा : सर्व्हर, नेटवर्क, यूपीएस अशा यंत्रणांवर नजर ठेवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, आपल्या निकालाच्या ओळीत उभ्या रेघेनंतर जे मोजमापाचे आकडे जोडतो ते. कामाच्या बोलीत ‘परफडेटा’. रेघेच्या डावीकडचा मजकूर माणसाने वाचायचा, उजवीकडचा यंत्राने. प्लगइनचा खरा निकाल मात्र त्याच्या निर्गम-संकेतात असतो : ० म्हणजे ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ अज्ञात. परफडेटा साफ चुकला तरी हा संकेत बदलत नाही आणि पडद्यावरचा हिरवा रंग तसाच राहतो. म्हणूनच या चुका महिनोन्‌महिने दडून राहतात आणि जुना आलेख उघडायची वेळ येते तेव्हाच उघड होतात.

ही पद्धत नागिओसची. एथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ नावाने ही प्रणाली आणली. नावाच्या मालकीवरून अडचण आल्यावर २००२ मध्ये तिचे नागिओस झाले. २००९ मध्ये तिच्यातून इसिंगा ही शाखा फुटली. २०१४ च्या जानेवारीत प्लगइन सांभाळणाऱ्या गटाने वेगळे होऊन ‘मॉनिटरिंग प्लगइन्स’ हे नाव घेतले. एवढी फाटाफूट होऊनही रेघेनंतरचा मजकूर कसा लिहायचा याचा नियम जवळपास तोच राहिला.

मांडणी : नाव, बरोबरचे चिन्ह, मूल्य, त्याला चिकटून एकक आणि पुढे अर्धविरामांनी तोडलेली चार घरे : इशारा-मर्यादा, गंभीर-मर्यादा, किमान, कमाल. शेवटची रिकामी घरे गाळता येतात, मधली नाही. (या नोंदीतले नमुने वाचनासाठी देवनागरीत दिले आहेत, प्रत्यक्षात अंक इंग्रजीच लागतात, त्याविषयी पुढे.) वीजजाळ्याची वारंवारता हे उदाहरण इथे चपखल बसते. ग्रिड संहितेनुसार ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झमध्ये राहायला हवी. गंभीर-मर्यादा उदाहरणापुरती धरली, तर ओळ अशी होईल :

वारंवारता=५०.०१;४९.९०:५०.०५;४९.७०:५०.३०

इथे एकक दिलेले नाही, कारण मूळ यादीत सेकंद, टक्का, बाइट आणि त्यांच्या पटी, तसेच सतत चढता मोजक एवढीच एकके आहेत. हर्ट्‌झ, व्होल्ट, अंश यांना जागाच नाही. यूपीएस तपासणारे जुने अधिकृत प्लगइनसुद्धा व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये आणि तापमान फॅरनहाइटमध्ये लिहून ही यादी मोडते. तेव्हा नवशिक्याला फार दोष देण्यात अर्थ नाही.

मर्यादांचे व्याकरण : नुसते ‘१०’ म्हणजे शून्याच्या खाली किंवा दहाच्या वर गेल्यास इशारा, ‘१०:’ म्हणजे दहाच्या खाली गेल्यास, ‘~:१०’ म्हणजे फक्त दहाच्या वर. पुढे ‘@’ लावले की अर्थ उलटतो आणि पट्ट्याच्या आत आल्यावर घंटी वाजते. सर्वांत जास्त घोळ बॅटरीच्या बाबतीत होतो. यूपीएसची बॅटरी चाळीस टक्क्यांखाली गेल्यावर कळावे म्हणून ‘४०’ लिहिले, तर भरलेल्या बॅटरीवर बोंब उठते आणि ती रिकामी होत असताना सगळे शांत. लिहायचे असते ‘४०:’. डिस्कचे प्लगइन तर आणखी चकवते : त्याला मर्यादा द्यायची मोकळ्या जागेची, पण परफडेटात ते लिहिते वापरलेली जागा.

शून्य आणि ‘यू’ : मूल्य मिळालेच नाही तर त्याजागी रोमन ‘यू’ हे अक्षर लिहावे असा नियम आहे. तो सर्रास मोडला जातो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा वीजपुरवठा कोसळला. कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिनीच्या एका मंडलाचे (सर्किटचे) देखभालीचे काम चालू होते, भार दुसऱ्या मंडलावर होता आणि तेच बंद पडले. लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी यूपीएसच्या इनपुटचे शून्य व्होल्ट हे खरे मोजमाप असते. पण वीज गेल्यामुळे मधला स्विच बंद पडला आणि यूपीएसशी संपर्कच झाला नाही, तर खरे उत्तर ‘माहीत नाही’ हे आहे. तिथेही शून्यच लिहिणारे प्लगइन आलेखात खोटी वीजकपात नोंदवते. आकडे साठवून आलेख काढणारे टोबियस ओएटिकर यांचे आरआरडीटूल ‘यू’ मिळाल्यावर आलेखात मोकळी जागा सोडते. डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला असलेल्याला दुसऱ्या दिवशी अहवाल लिहिताना ही मोकळी जागाच उपयोगी पडते.

पृथक्करण : परफडेटाची ओळ मोकळ्या जागेवर तोडली की काम झाले, असे वाटते. तसे होत नाही. नावात मोकळी जागा असेल तर ते एकेरी अवतरणात येते आणि नावातच अवतरण असेल तर ते दोनदा लिहिले जाते. त्यामुळे वाचणाऱ्या प्रोग्रॅमने एकेक अक्षर पाहत, आपण अवतरणाच्या आत आहोत की बाहेर हे लक्षात ठेवत पुढे सरकावे लागते. नागिओस स्वतः हे काम करत नाही. तो रेघेपाशी ओळ तोडतो आणि उजवा भाग आलेख काढणाऱ्या पीएनपी४नागिओससारख्या साधनाकडे ढकलतो. इसिंगा २ मात्र आकडे स्वतः वाचतो. नागिओसकडून आकडे बाहेरची आज्ञा चालवून पाठवायचे असतील, तर अडचण येते : नमुना-कॉन्फिगरेशनमधल्या वर्ज्य अक्षरांच्या यादीत एकेरी अवतरणही असते. ते गळून पडते आणि ‘सी ड्राइव्ह’ अशा नावाचे दोन तुकडे होतात.

सतत चढत्या मोजकाची गंमत वेगळी. प्लगइन एकूण बाइट लिहिते, वेग काढायचे काम वाचणाऱ्याचे. एक गिगाबिटची जोडणी पूर्ण भरून वाहत असेल तर ३२ बिटांचा मोजक साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांनी एकदा विचारणाऱ्याला मधल्या आठ फेऱ्यांचा पत्ताच लागत नाही. यावर उपाय ६४ बिटांचा मोजक हाच.

देवनागरी आणि स्वल्पविराम : नियमाप्रमाणे मूल्यात इंग्रजी अंक, उणे चिन्ह आणि टिंब एवढेच चालते. जर्मन लोकेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या भाषा-प्रदेशाच्या मांडणीत, दशांशासाठी स्वल्पविराम येतो, त्यातून तिकडे बरेच आलेख बिघडले. मराठी लोकेलमध्ये दशांशचिन्ह टिंबच आहे, पण लाख-कोटींच्या गटवारीसह छापायला सांगितले तर १२,३४,५६७ असा आकडा येतो आणि वाचणारा पहिल्या स्वल्पविरामापाशी अडतो. देवनागरी अंकांचे तर प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेत वेगळे. पायथॉन ‘१२’ला निमूटपणे बारा समजते. सी भाषेचे नेहमीचे रूपांतर त्याला अंकच मानत नाही. पर्लमध्ये तपासणीचा साचा त्याला अंक म्हणून आत घेतो आणि बेरजेत त्याचे शून्य होते. तिघांत घातक हेच, कारण चूक झाल्याचे सहज कळत नाही. नावे देवनागरीत ठेवायलाही अडचण आहे : आरआरडीटूलच्या स्रोतनामात रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच बसते, तेही १९ अक्षरांपर्यंत. पीएनपी४नागिओस स्रोतांना नुसते क्रमांक देते आणि खरे नाव वेगळ्या फाइलमध्ये ठेवते, म्हणून ते यातून सुटते. मराठी मजकूर, लाखांची गटवारी, सगळी हौस रेघेच्या डावीकडे भागवावी.

नंतरच्या पद्धती : २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये सुरू झालेल्या प्रोमिथियस या देखरेख-प्रणालीने ओळीतून मर्यादा काढूनच टाकल्या. एकक मापाच्या नावात जाते, तेही मूळ एकक, म्हणजे सेकंद आणि बाइट. इशारा कधी द्यायचा हे मध्यवर्ती नियम ठरवतात. यामुळे मर्यादा बदलायची तर ती एकाच ठिकाणी बदलावी लागते. नागिओसच्या पद्धतीत मर्यादा प्रत्येक आकड्याबरोबर फिरते, पण त्याचा एक फायदा उरतोच : मागच्या वर्षीची नोंद उघडली तर त्या दिवशी इशाऱ्याची रेषा कुठे आखलेली होती हेही तिथेच सापडते.