‘उदासीन’ : एका आसनाचा इतिहास

‘मतदार उदासीन’, ‘प्रशासन उदासीन’ असे मथळे आपण सहज वाचून पुढे जातो. दोन्हीकडे शब्द एकच. पण आरोप एकच आहे का? शब्दाचा इतिहास पाहिला तर उत्तर नकारार्थी येते.

‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘आस्’ म्हणजे बसणे हा धातू, यांपासून ‘उदासीन’ झाला : अलग बसलेला. मुळात त्यात दुःख नाही, आळसही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, सहाव्या अधिकरणातील 12 राजांच्या मंडलात ‘उदासीन’ हा एक राजा आहे. विजिगीषू, त्याचा शत्रू आणि मध्यम या तिघांच्या पलीकडचा, तिघांहून बलवान. मनात आणले तर त्यांना साहाय्य करू शकेल किंवा एकेकट्याला आवरू शकेल असा. थोडक्यात, दुर्बळाला उदासीन होता येत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात समबुद्धीचे वर्णन करताना मित्र, शत्रू, उदासीन, मध्यस्थ अशी नावे एकत्र येतात; ही राजनीतीच्याच ओळखीची परिभाषा. बाराव्या अध्यायात मात्र औदासीन्य हा भक्ताचा गुण ठरतो. राजाचे आसन साधकाला मिळाले. तुकोबांनी धन खर्चताना ‘उदास’ राहायला सांगितले तेही याच वाटेने. तिथे खिन्नता नाही, अनासक्ती आहे.

आजच्या मराठीत या कुळाच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. ‘उदास’ खिन्न झाला : उदास चेहरा, उदास संध्याकाळ. शाळेच्या रसायनशास्त्रात जुनी तटस्थता टिकली. आम्लही नव्हे, आम्लारीही नव्हे, असे द्रावण उदासीन. बातम्यांत मात्र ‘उदासीनता’ म्हणजे निव्वळ दोष, ‘बेपर्वाई’ची सौम्य बहीण. पण बेपर्वा माणसाला परिणामांची फिकीरच नसते. उदासीन सारे पाहत असतो, आणि तरी जागचा हलत नाही.

म्हणूनच कौटिल्याचा अर्थ आजही कामाचा आहे. अर्ज करून थकलेला, मतदानाला न गेलेला नागरिक बहुधा उदास असतो. त्याच्या हाती फारसे बळ उरलेले नसते. ज्याच्या हाती शिक्का, निधी आणि अधिकार आहे तो हलत नाही, तेव्हाच ‘उदासीन’ हा शब्द शोभतो. तो सौम्य नाही. समर्थ असूनही बसून राहिलात, एवढा मोठा आरोप त्यात आहे.