ठोके कमी झाले, माणसं गेली

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय: 'छातीत धडधडतं? ठोका चुकतो? मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्या, थांबेल.' सोबत बाटलीचा फोटो. तो पाहिला की मला १९८९ सालची अमेरिका आठवते. का, ते सांगतो.

'काळजाचा ठोका चुकला' असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ठोका चुकलेला नसतो, वेळेआधी पडलेला असतो. त्यानंतरची लांब उसंत आपल्याला जाणवते. धडधाकट माणसातही असे जास्तीचे ठोके पडतात आणि सहसा त्यांनी काही बिघडत नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांत मात्र असे ठोके जास्त असतील तर मृत्यूचा धोका जास्त, असं दिसून आलं होतं. मग सरळ हिशोब मांडला गेला: ठोके दाबा, जीव वाचेल. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके छान दाबायची. त्यांना सरकारी मान्यता होती, डॉक्टर ती विश्वासाने देत होते.

हा हिशोब तपासायला अमेरिकेत सरकारी पैशातून 'कास्ट' नावाची चाचणी सुरू झाली. ज्यांचे ठोके औषधाने खरोखर कमी झाले, असेच रुग्ण निवडले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. अंतिम आकडे असे: औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके कमी झाले होते, मृत्यू दुपटीहून जास्त.

आता मॅग्नेशियम. ते या औषधांसारखं घातक आहे, असं मी म्हणत नाहीये. हृदयाच्या पेशींत पोटॅशियम टिकवायला ते लागतंच. १९३५ सालीच झ्विलिंगर या डॉक्टरांनी हृदयाच्या बिघडलेल्या लयीवर ते शिरेतून देऊन पाहिलं होतं. 'टोर्साद' नावाच्या एका जीवघेण्या लयीत आजही इस्पितळात तेच देतात.

पण गोळ्यांचं काय? १९९७ साली जर्मनीतल्या चाचणीत २३२ जणांना तीन आठवडे पोटॅशियम-मॅग्नेशियम किंवा नुसती गोळी दिली. ठोके सुमारे १७ टक्क्यांनी घटले, त्रास मात्र होता तेवढाच राहिला. २०१२ साली ब्राझीलमध्ये मॅग्नेशियम घेणाऱ्या बहुतेकांना बरं वाटलं, पण ती चाचणी होती जेमतेम ६० जणांवर.

लहान चाचणीवर किती विसंबायचं, हेही मॅग्नेशियमनेच शिकवलंय. १९९२ साली इंग्लंडमध्ये लेस्टरला, हार्ट अटॅकच्या सुमारे २,३०० रुग्णांत शिरेतून मॅग्नेशियम दिल्याने मृत्यू घटलेले दिसले. १९९५ साली 'आयसिस-४' या ५८,००० रुग्णांच्या चाचणीत तो फायदा दिसलाच नाही.

आपल्याकडे या गोळ्या बहुतेक करून 'पूरक आहार' म्हणून, म्हणजे अन्नाच्या कायद्याखाली विकल्या जातात. अशा बाटलीला 'कास्ट'सारख्या परीक्षेतून जावं लागत नाही. आणि जे कोणी सहज पेटंट करू शकत नाही, त्या स्वस्त क्षाराची मोठी चाचणी कंपनी कशाला करेल? ती सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवी. सरकारकडे मागायची गोष्ट ही आहे.

तोवर एवढं करा. धडधड होत असेल तर आधी ईसीजी काढा. डॉक्टर म्हणाले तर होल्टर आणि रक्तातलं पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासा. लघवी जास्त होण्याच्या किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या बराच काळ चालू असतील तर मॅग्नेशियम खरंच कमी असू शकतं. मग ते भरून काढणं योग्यच. किडनी कमजोर असेल तर मात्र ते शरीरात साठतं, तेव्हा न विचारता घेऊ नका. चक्कर, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं यापैकी काही असेल, किंवा घरात कमी वयात कोणी अचानक गेलं असेल, तर फॉरवर्ड वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

आणि पुढच्या वेळी कोणी 'याने ठोके कमी होतात' म्हणालं, तर विचारा: 'आणि माणसाचं काय झालं?'