खोलीत उतरलेला बोरघाट : लोहमार्गाच्या प्रतिकृतीशास्त्राची प्रस्तावना

टेबलावर रुळांचे वर्तुळ मांडून गाडी फिरवण्यात आनंद आहेच. एखादा खराखुरा लोहमार्ग त्याच्या स्टेशनांसह, सांध्यांसह आणि वेळापत्रकासह घरात उभा करणे ही मात्र निराळी विद्या आहे. तिच्यात सुतारकाम, वीजजोडणी आणि रंगकाम येते; पण त्याआधी येतो इतिहास आणि भूगोल. इंजिन कोणते घ्यायचे याच्याही आधी विचारायचे, की हा मार्ग इथूनच का गेला? या विद्येच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वाचकाचे स्वागत करताना मी कर्जत ते लोणावळा हा एकच घाट समोर ठेवतो, कारण या शास्त्रातले जवळजवळ सगळे पेच तिथे भेटतात.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू केले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरमध्ये गाडी ५५८ मीटर वर चढत होती. वाटेत २५ बोगदे होते आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांत एक फूट. आता हे आकडे १:८७ या प्रमाणात, म्हणजे ज्याला एचओ म्हणतात त्या मापात, मांडून पाहा. मार्गाची लांबी होते २९० मीटरच्या आसपास आणि चढ सहा मीटरहून जास्त. इतकी जागा दिवाणखान्यात नसते, सभागृहातही क्वचितच असते. म्हणजे वगळणे आलेच. काय वगळले आणि काय राखले, यावरून करणाऱ्याला तो मार्ग किती समजला आहे ते कळते.

इथे बोगदे फार उपयोगी पडतात. सपाट प्रदेशातला मार्ग निवडणाऱ्याला दोन दृश्यांमधले अंतर लपवायला झाडी, पूल, इमारत असे काहीतरी शोधावे लागते. बोरघाटात गाडी मुळातच सारखी अंधारात शिरते आणि वेगळ्याच दरीवर बाहेर येते. मधले चार किलोमीटर गाळले तरी पाहणाऱ्याला खोटे वाटत नाही.

वर्ष निवडणे त्याहून महत्त्वाचे. खंडाळ्याजवळ पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होते. डोंगराची सोंड इतकी अरुंद, की गाडी वळवायला जागाच नव्हती. म्हणून ती तिथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने वर निघे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवा मार्ग झाला आणि हे स्थानक इतिहासजमा झाले. कालखंड त्याआधीचा घेतला तर वाफेची इंजिने येतात आणि हे उलटे फिरणेही येते. भिंतीलगतच्या अरुंद फळीसाठी ही मांडणी तर फारच सोयीची : गाडी डावीकडून खालून येते आणि डावीकडेच वरच्या पातळीवर निघून जाते. कालखंड १९३० नंतरचा घेतला तर डोक्यावर विजेच्या तारा येतात, डेक्कन क्वीन येते आणि लांब नाकाडाची ती मालगाडीची इंजिने येतात, ज्यांना रेल्वेतली माणसे खेकडा म्हणत. दोन्ही एकाच फळीवर ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. रिव्हर्सिंग स्टेशनात उभी डेक्कन क्वीन कितीही सुबक केली तरी ती खोटी साक्ष ठरते.

रुळांच्या रुंदीचा प्रश्न आपल्याकडच्या कारागिराला विशेष छळतो. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा, १,४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजसाठी घडवलेला. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे. १:८७ मध्ये ते १९.३ भरते. तयार रुळांवर भारतीय डबा ठेवला की तो वरून रुंद आणि पायाशी चिंचोळा दिसतो. मग एक तर रूळ, सांधे आणि चाकांचे आस सगळे हाताने करायचे, किंवा ही तडजोड जाणून पत्करायची. मी नवख्याला दुसरा मार्ग सुचवेन. रुंदीपायी वर्षे घालवून एकही गाडी न धावलेली मांडणी मला अपुरी वाटते.

खडकाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. परदेशी साच्यांतून निघणारे कडे बहुधा त्यांच्याकडच्या डोंगरांचे असतात : तिरकस थरांचे, टोकदार. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे, त्यामुळे त्याच्या रेषा आडव्या आणि रंग काळसर. ऋतूही ठरवावा लागतो. जुलैतला घाट आणि एप्रिलमधला घाट यांत पिवळ्या गवतापासून धबधब्यापर्यंत सगळे बदलते.

आता गाड्या चालवण्याचे. कर्जतला गाडीला मागून रेटा द्यायला जादा इंजिने लागतात, त्यांना बँकर म्हणतात. कर्जतच्या बटाटेवड्याची कीर्ती या थांब्यामुळेच वाढली. मांडणीतही बँकर केवळ शोभेचा राहत नाही. ३७ फुटांत एक फूट या चढावर आणि वळणावर छोट्या इंजिनाची चाके खरोखरच घसरतात. डबे हलके असले तर मागच्या रेट्याने ते वळणावर उचलले जातात, म्हणून त्यांत वजन भरावे लागते. उतरताना त्याहून कडक शिस्त. सांधा मुळात कॅच सायडिंगकडे, म्हणजे चढावर जाऊन संपणाऱ्या रुळाकडे वळवलेला असतो. गाडी ठरल्या जागी थांबली, ब्रेक ताब्यात आहेत हे दिसले, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. मंकी हिल, ठाकूरवाडी ही नावे प्रवाशाला खिडकीतून ओझरती दिसतात. मांडणी चालवणाऱ्याला तिथे प्रत्येक गाडी थांबवावी लागते, आणि घाटातले रेल्वेकाम म्हणजे काय ते बोटांना कळते.

या शास्त्रात आदर्श मानावी अशी कामे आहेत. इंग्लंडमधल्या लाँग विटनहॅम गावी रॉय इंग्लंड यांनी उभारलेल्या पेंडन संग्रहालयात रेल्वेइतकेच महत्त्व १९३० च्या आसपासच्या खेड्यांना, त्यांच्या शाकारलेल्या घरांना आहे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. कोणा एका मार्गाची ती प्रतिकृती नव्हे, पण सिग्नल, सांधे आणि गाड्या एकमेकांशी कसे बांधलेले असतात हे पाहायला तिथे जरूर जावे.

एक मांडणी मला मनापासून पाहायची आहे : १८६१ चा, अजून रूळ न पडलेला बोरघाट. तेव्हा तिथे ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्याच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे नेले. अर्धवट कोरलेले बोगदे, बांबूच्या पराती, मजुरांच्या झोपड्या, आणि धावणारी गाडी एकही नाही. हे काम कोणी हाती घेईल तर त्याला पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरपासून सुरुवात करता येईल. इतरांनी आधी ठाकूरवाडीची एक केबिन, एक सांधा आणि एक कॅच सायडिंग एवढेच दीड मीटरच्या फळीवर करावे, आणि निवृत्त इंजिनचालक किंवा गार्ड ओळखीचे असतील तर त्यांना बोलावून दाखवावे. नकाशात नसलेल्या गोष्टी तेच सांगतील.